जागेवर फिरणारं चाक

"गाडीत काडीचाही दोष नाही. पोरीचा हात लटपटतो."

टेम्पोच्या फळीवर उभं राहून बापानं हे अशा आवाजात सांगितलं, की पलीकडे गाडीत पेट्रोल भरणारे दोघेही मान वळवून बघायला लागले. त्याची थोरली लेक खाली उभी राहून हेल्मेटचा पट्टा आवळत होती. तिनं तो इतका आवळला की हनुवटीखाली वळ उठला. बोलायला गेली असती तर अख्ख्या धावपट्टीला फुकटचा तमाशा मिळाला असता.

त्या धावपट्टीवर पूर्वी छोटी विमानं उतरायची. ती बंद झाली आणि महिन्यातून एका रविवारी तिथं रस्त्यावरच्या मोटरसायकलींच्या ड्रॅग शर्यती व्हायला लागल्या. दोन गाड्या शेजारी शेजारी उभ्या करायच्या, हिरवा दिवा लागला की सुटायचं, सरळ, शेवटच्या खांबापर्यंत. वळण नाही की काही नाही. लोकांना वाटतं यात काय मोठं. अहो, निम्मी शर्यत सुरुवातीच्या रेषेवरच संपते. मागच्या चाकानं जमीन धरली तर गाडी सुटते. नाही धरली तर चाक जागेवर गरगरत बसतं आणि शेजारचा तोवर पुढे निघून गेलेला असतो. या हंगामात थोरलीचं चाक दर वेळी जागेवरच गरगरलं होतं.

आणि दर वेळी तिला हरवणारा कोण, तर सख्खा चुलतभाऊ. घरात त्याला लाडोबा म्हणत, आणि ते नाव त्यानं कधी खोटं पडू दिलं नव्हतं. गाडी तिच्यासारखीच, ताकद तेवढीच. क्लचची केबल कुठून कुठं जाते एवढं विचारलं तर हा गॉगल पुसत बसेल. तरी जिंकायचा हाच, आणि वर जाता जाता "ताई, जरा श्वास घेत जा" असा सल्ला द्यायचा.

बापाचं गाड्या धुऊन चकाचक करून देण्याचं वॉशिंग सेंटर होतं. थोरली तिथंच राबायची. सकाळी प्रेशर गन, दुपारी सीटा, संध्याकाळी काचा. शर्यतीच्या मोटरसायकलच्या टाकीवर दुकानाचं नाव रंगवलेलं होतं आणि गाडी कागदोपत्री बापाची होती. तिची सगळी उस्तवार करायची थोरली, पण चावी कुणाची, तर बापाची. मागच्या वेळी हरल्यावर जेवताना त्यानं निकालच देऊन टाकला. पुढच्या शर्यतीतही हरलीस तर गाडी लाडोबा चालवेल, तू मुकाट गल्ल्यावर बसायचं. थोरलीनं रागाच्या भरात ताट सारलं आणि हो म्हणून मोकळी झाली. आईनं कपाळावर हात मारून घेतला, कारण दोघांपैकी कुणीही शब्द मागे घेणाऱ्यातलं नव्हतं.

म्हणजे आज ती हरली, की तिची गाडी गेली. इतकं सोपं होतं ते.

तिनं काय करायचं बाकी ठेवलं होतं, सांगा बघू. टायर मऊ रबराचा घातला, जो लवकर झिजतो पण जमिनीला चिकटतो. मागची हवा थोडी थोडी कमी करत नेली, म्हणजे टायर किंचित बसतो आणि जास्त रबर जमिनीला टेकतं. फारच कमी केली की गाडी डुलायला लागते, म्हणून मधला आकडा शोधून काढला. मागचे शॉकअप मऊ केले. स्वतः सीटवर मागे सरकून बसायला लागली. क्लच किती सावकाश सोडायचा, रेस किती धरायची, हे तिनं गोदामांमागच्या रिकाम्या रस्त्यावर इतकं घोटलं, की तिथला रखवालदार तिला लांबून बघितलं तरी कानात कापसाचे बोळे घालायचा. आणि तिथं चाक एकदाही फिरलं नाही. गाडी अशी उसळायची की ती सीटवर मागे ढकलली जायची. मग रविवारी टेम्पोतून गाडी धावपट्टीवर आली की पुन्हा पहिले पाढे.

सरावात चिकटतं आणि शर्यतीत घसरतं म्हटल्यावर लोकांना काय, आयतंच कोलीत मिळालं. ती घाबरते. तिला टेन्शन येतं. काकू म्हणाल्या, मनगटात जोर लागतो त्याला, आणि लाडोबाच्या मनगटाकडे कौतुकानं बघितलं. टायरवाल्यानं योगासनं सुचवली. आपण घाबरतो असं थोरलीला कधी वाटलं नव्हतं, पण इतक्यांनी इतक्यांदा सांगितल्यावर ती अंथरुणात पडल्या पडल्या स्वतःचे हात डोळ्यांसमोर धरून बघायची, खरंच थरथरतात का ते. थरथरत नसत. मग तिला आणखीच संताप यायचा, कारण हात थरथरत असते तर निदान कुणावर चिडायचं ते तरी कळलं असतं.

आज तीनपैकी दोन फेऱ्या जिंकायच्या होत्या. रस्त्यावरच्या गाड्यांना रेषेमागे चाक फिरवून टायर तापवायला तिथं मनाई होती, कारण एकदा कुणाच्या तरी चाकाखालून खडा उडून पंचाच्या नडगीवर बसला होता. तेव्हापासून नुसता टायर पुसायचा आणि रेषेवर यायचं. थोरलीनं खिशातलं दुकानाचं पिवळं फडकं काढलं, मागचा टायर सगळीकडून नीट पुसला आणि गाडी रेषेवर आणली. हिरवा लागला. तिनं क्लच सोडला तो अगदी गोदामामागे सोडायची तसाच, आणि चाक गर्रकन जागेवर फिरलं. गाडीचा मागचा भाग बाजूला गेला. तिनं पाय टेकवून ती कशीबशी सावरली. लाडोबा पार पुढे गेला होता.

परत येताना तिला बापाचं तोंड बघायचं नव्हतं. गाडी टेम्पोपाशी स्टँडवर लावली, हातमोजे सीटवर आपटले आणि ती पाण्याच्या टाकीकडे निघून गेली. तोंडावर पाणी मारलं, मानेवर मारलं. आणखी एक फेरी अशीच गेली की झालं, मग गल्ल्यावर बसून गिऱ्हाइकांना पावत्या फाडून द्यायच्या आणि लाडोबा आपल्या गाडीवर. तिला रडू येत होतं आणि रडू येतंय याचा राग येत होता.

परत आली तर गाडीकडे बघून तिचं पाऊल थबकलं. काहीतरी वेगळं दिसत होतं. मघाशी उतरली तेव्हा मागचा टायर धुळीनं करडा झाला होता. आता तो काळाभोर दिसत होता, अगदी शोरूममधून आताच आणल्यासारखा.

तसे त्यांच्या दुकानातून बाहेर पडणारे सगळेच टायर काळेभोर असत. लहानपणापासून तिनं दुसरे टायर फारसे बघितलेच नव्हते. म्हणून तर इतके महिने तिला ते दिसलं नाही. आज फक्त मधल्या वेळात पाठ फिरवली आणि करड्याचा काळा झाला, म्हणून दिसलं.

ती खाली बसली. टायरच्या मधोमध, जिथं रबर जमिनीला टेकतं, तिथं तळहात ठेवला. तळहात सरकला. तिनं हात नाकाशी नेला. स्ट्रॉबेरीचा वास आला. टायर पॉलिशचा. तो वास त्यांच्या दुकानाला होता, बापाच्या शर्टांना होता, घरातल्या सोफ्यालाही होता. मग तिनं खिशातलं पिवळं फडकं काढून हुंगलं. त्यालाही तोच. म्हणजे बाप लावत होता आणि शर्यतीआधी ती स्वतः ते टायरभर पसरवत होती.

तळपायाची आग मस्तकात गेली तिच्या.

बाप टेम्पोच्या पलीकडे फवाऱ्याची बाटली पिशवीत ठेवत होता. फोटो काढणारा आलाय, दुकानाचं नाव फोटोत येणार, तेव्हा जरा हात मारला, असं तो सांगायला लागला. दर वेळी शनिवारी संध्याकाळीही मारतो, आणि मळू नये म्हणून तर टेम्पोतून आणतो, हेही त्यानं सांगितलं, आणि तेही कौतुकानं.

"फक्त बाजूला मारतो," तो म्हणाला. "मध्ये नाही लावत."

थोरलीनं आपला तळहात त्याच्या तोंडासमोर धरला. उन्हात तो तुळतुळीत चमकत होता.

"हे मधलं आहे," ती म्हणाली. "दुकानाच्या दारावर पाटी कुणी लावली? दुचाकीच्या टायरला पॉलिश करून मिळणार नाही. गिऱ्हाइकांना घालून पाडून बोलता तुम्ही, मरायचंय का म्हणून विचारता. आणि माझ्या गाडीला?"

"गिऱ्हाइकं कसंही करतात. मला माहीत आहे कसं मारायचं. माझा हात कधी चुकत नाही."

"नाही ना. लटपटतो तो माझा."

बापानं बाटली पिशवीत खोल सारली. थोरलीला आता थांबता येईना. ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं असं बापाला वाटलं असणार.

"आज गाडी आडवी होत होती, बाबा. पाय टेकवला म्हणून वाचले. दर वेळी तसंच झालंय. तुम्ही दर वेळी इथं उभं राहून बघितलंत आणि चार लोकांत माझी लाज काढलीत."

पुढच्या फेरीसाठी पंच नावं पुकारायला लागला होता. बाप घाईघाईनं पिशवीतून तेलाचे डाग काढायचं औषध आणि ब्रश काढून पुढे आला. थोरलीनं दोन्ही त्याच्या हातातून हिसकावून घेतलं आणि टायरला हात लावायचा नाही म्हणून बजावलं. मग ती स्वतः गुडघ्यावर बसून घासत सुटली. खाचाखाचांतून घासलं, पाणी मारलं, पुन्हा घासलं. पिवळं फडकं तिनं टेम्पोच्या छतावर भिरकावलं आणि अंगातला सुती शर्ट काढून त्यानं टायर कोरडा केला. आतल्या बनियनवर जाकीट चढवलं. बघणारे बघेनात का. टायर आता करडा, निस्तेज आणि भिकार दिसत होता. इतका छान टायर तिनं आयुष्यात बघितला नव्हता. बाजूच्या डांबरी रस्त्यावर गाडी दोनदा खालीवर पळवून तिनं उरलीसुरली ओल घालवली आणि ती रेषेवर आली.

लाडोबानं शेजारून श्वासाचं काहीतरी सुरू केलं. तिनं हेल्मेटची काच खाली ओढली.

हिरवा लागला. तिनं क्लच सोडला तो पुन्हा तसाच, एक केसभरही वेगळा नाही. चाकानं जमीन धरली आणि गाडी गोदामामागे उसळायची तशी उसळली. लाडोबा तिला दिसलाच नाही, कारण तो मागे होता. तिसऱ्या फेरीतही मागेच होता. उतरल्यावर तो म्हणाला की आज त्याच्या क्लचमध्ये काहीतरी गडबड वाटतेय. क्लच कुठं असतो ते दाखव, असं थोरलीनं त्याला सगळ्यांदेखत सांगितलं, आणि तो गॉगल पुसायला लागला.

गाडी वाचली होती. तिला हसू येतच होतं, एवढ्यात बापाचा आवाज कानावर पडला. पंचाच्या खांद्यावर हात टाकून तो सांगत होता की आज पोरीचा हात बसला, मी म्हणतच होतो.

थोरलीनं गाडी टेम्पोत चढवू दिली नाही. आडवाटेचा धुळीचा रस्ता धरून ती घरी आली. जेवताना बापानं मीठ मागितलं, तर तिनं ते आईच्या पुढ्यात ठेवलं.

सोमवारी सकाळी दुकान उघडलं, तेव्हा मोटरसायकल बरोबर दारात उभी होती, त्या पाटीच्या खाली. मडगार्डपर्यंत धूळ, मागचा टायर करडा, खाचांत माती. सभोवती धुऊन पुसून ठेवलेल्या मोटारी. थोरली मागच्या रॅम्पवर एका जीपखाली पाणी मारत होती. बाप फडकं घेऊन मोटरसायकलभोवती घिरट्या घालत होता. दोनदा वाकला आणि दोन्ही वेळा तसाच सरळ झाला. तिनं बघितलं, पण बघितल्याचं दाखवलं नाही.

दुपारी नेहमीचं एक गिऱ्हाईक आलं. मोटरसायकलकडे बघून त्याला मजा वाटली. तुमच्याच दारात असली कळकट गाडी, तेवढा टायर तरी काळा करून टाका की, असं ते म्हणालं आणि बापाच्या टेबलावरची बाटली उचलून पुढे झालं.

"ठेवा ती खाली," बाप म्हणाला.

गिऱ्हाईक हसलं. त्याला ती थट्टा वाटली.

"ठेवा म्हणतो ना. त्या टायरला कुणी हात लावायचा नाही. मी लावत होतो. हंगामभर लावला." बापानं बाटली त्याच्या हातातून काढून घेतली. "पोर पडायची राहिली माझी. आणि मी तिलाच बोलत होतो."

थोरलीनं पाण्याच्या गनचा खटका सोडला होता म्हणून तिला ते ऐकू आलं. जीपच्या चाकावरून पाणी ठिबकत होतं. ती तशीच उभी राहिली. काल धावपट्टीवर, त्या सगळ्या लोकांसमोर एवढं म्हणायला काय धाड भरली होती, असं तिच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण समोर गिऱ्हाईक होतं, म्हणून तिनं ते रात्रीच्या जेवणासाठी राखून ठेवलं आणि पुन्हा खटका दाबला.