गाळातलं देवधान

गोदाबाईचा नवरा महागू वारला, त्यानंतरच्या उन्हाळ्यात गावतलाव खोल केला. पोकलेननं गाळ उपसला, काठ उभे कापले, वरून रस्ता काढला. गाळ ज्यानं त्यानं ट्रॉल्या भरून शेतात नेला. कटंगीच्या बाजाराला जाणारे थांबून म्हणायचे, तलाव आता तलावासारखा दिसतो. गोदाबाईलाही तेव्हा बरंच वाटलं.

ऋषिपंचमीच्या उपासाला नांगरलेल्या रानातलं धान्य चालत नाही. तलावात आपसूक उगवणारं देवधान चालतं. ते पिकलं की हात लागताच गळतं. म्हणून महागू आधीच डोंगा, आपली लहानशी होडी, घेऊन जायचा, उभ्या लोंब्यांच्या जुड्या बांधून ठेवायचा आणि पिकल्यावर डोंग्यात झोडपायचा. गोदाबाई काठावर बसून बघायची. तरंगत्या पानांवरून लांब बोटांचे कमळपक्षी पळत असायचे.

त्या वर्षीच्या पंचमीला तिनं महागूनं आणलेलं शेवटचं देवधान शिजवलं. दिवाळीच्या आधी तलावावर गेली, तर नुसतं पाणी. एक काडी नाही, एक पाखरू नाही.

लेक श्रुतिका बालाघाटला कॉलेजात पर्यावरणशास्त्र शिकत होती. ती रविवारी घरी आली तेव्हा गोदाबाईनं विचारलं, "पानी तं वाढलं. मंग देवधान काहून नाही आलं वो?"

"उन्हाळ्यात पाणी उतरायचं, तेव्हा काठाचा चिखल उघडा पडायचा ना आई, बी तिथंच रुजायचं. अब किनारा ही नहीं बचा, एकदम खोल आहे."

"अन् पाखरं?"

"पाखरं पानांवरच अंडी घालतात. मासोळीची पिल्लं काड्यांत लपतात. एक गेलं की त्याच्यावर जगणारं सारंच जातं."

"म्हंजे बी मेलं?"

"मेलं नसेल. गाळासंगं शेतात गेलं असेल."

पुढच्या पावसाळ्यात दीर प्रेमलाल धानाच्या बांधीत निंदण करत होता. त्याची भाकर घेऊन गोदाबाई गेली. बांधावर उपटलेल्या तणाचा ढीग पडला होता. त्यातली एक काडी तिनं उचलली. तांबूस, लांब कुसळाची, देवधानाचीच लोंबी. गोदाबाई तिथंच खाली बसली.

"भाऊजी, हे नोका उपटू."

"वहिनी, हे धानाचा नास करते."

"करते. पन तुमचा दादा असता तं याची जुडी बांधली असती."

दुपारभर प्रेमलालनं उरलेले बुंधे मातीसकट काढून दिले. काही बांधाच्या कडेला राहू दिले.

गोदाबाईनं ते बुंधे तलावाच्या काठाला लावले. आठवड्यात मोठा पाऊस झाला, पाणी चढलं आणि सगळे बुडून सडले. ती रोज जाऊन बघायची. शेवटी काळ्या पडलेल्या काड्या हातात घेऊन घरी आली आणि त्या दिवशी जेवली नाही.

उन्हाळ्यात गोदाबाई, श्रुतिका आणि प्रेमलाल तिघं सरपंचाकडे गेली. नाला येऊन मिळतो तो कोपरा तेवढा द्या, म्हणाली. आताच तर काठ नीट केला, असं म्हणत सरपंचानं कुरकुर केली, पण हो म्हटलं. प्रेमलालनं ट्रॅक्टरनं माती आणली. पायरी पायरीनं पाण्यात उतरत जाईल असा उतार त्यांनी केला आणि वर शेतातला तोच गाळ पसरला. बांधाकडेला वेचलेलं बी गोदाबाईनं आपल्या हातानं टाकलं.

पाऊस पडला आणि कोपरा हिरवा झाला. आश्विनात मोजक्या लोंब्या धरल्या.

"आई, जुड्या बांधू काय?" श्रुतिकानं विचारलं.

"नाही. गळू दे यंदा. चिखलातच राहू दे."

काड्यांमधून बारीक मासोळीचा थवा सरकला, वळला आणि पुन्हा आत शिरला. श्रुतिका वाकून बघत राहिली. बालाघाटला परतल्यावर ती फोनवर दरवेळी विचारायची, "पाखरू आलं काय?"

"नाही आलं," गोदाबाई सांगायची.

संध्याकाळी कामं आटोपली की ती त्या कोपऱ्यावर जाऊन बसते. पाखरं कधी तरी येतील असं श्रुतिका म्हणते, आणि गोदाबाईलाही ते पटतं. पण वारा आला, काड्या हलल्या, की तिची नजर पाखरांच्या आधी काड्यांपलीकडं, जिथं महागूचा डोंगा असायचा त्या उघड्या पाण्यावर जाते. तिथं कोणी नसतं. तरी अंधार पडेस्तोवर ती उठत नाही.