ओवाळणीची मोटर

माझं तोंड वाईट आहे, हे मला कोणी सांगायला नको. भाजीवाल्याने कोथिंबिरीच्या जुडीत पिवळी पानं घुसवली तर मी जुडी तिथेच सोडवून त्याला दाखवते. बिल्डिंगला पाणी आलं नाही की सेक्रेटरीला फोन मीच लावते, बाकीच्या बायका मागे उभ्या राहून तोंडावर पदर घेऊन हसतात. सगळ्या जगाशी भांडून झालंय माझं. एकट्या जितेशशी कधी भांडले नव्हते.

जितेश माझा धाकटा भाऊ. उल्हासनगरला कॅम्प चारमध्ये त्याचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. पंपाच्या, मिक्सरच्या जळालेल्या मोटरी भरतो, आणि हल्ली साध्या सायकलींना मोटर-बॅटरी लावून देतो. त्याच कॅम्प चारमध्ये माझे जीन्सवाले शेठ. त्यांच्याकडून शिवलेल्या पँटींचे गठ्ठे आणायचे, घरी बसून लोंबणारे धागे कापायचे, घड्या घालून परत पोचवायचे, हे माझं काम. काम काही थोर नाही. पण लग्नानंतर पहिल्यांदा स्वतःच्या हिमतीवर मिळवलेलं काम आहे, आणि त्याच्यामुळे मला बांगड्या घ्यायच्या तरी नवऱ्याच्या खिशाकडे बघावं लागत नाही. ते गेलं तर माझं माझं असं काही उरत नाही.

अडचण एकच, पूल. मी राहते अंबरनाथ पश्चिमेला, कॅम्प चार रुळांच्या पलीकडे. रिक्षा केली तर सगळी मजुरी रिक्षावाल्याच्या घशात. म्हणून सायकल. रिकामी असली तर चढते, पण मागे गठ्ठे बांधले की पुलाच्या तोंडाशीच उतरायचं आणि वरपर्यंत ढकलत न्यायची. माझे गुडघे त्या पुलानेच खाल्ले.

गेल्या वर्षी दिवाळीच्या आधी बदलापूरला बाबांच्या शेताचे कागद झाले. मी हक्कसोड करून दिली. आमच्याकडे बहिणी करूनच देतात. नाही दिली तर माहेरचा उंबरा बंद होतो. सही करताना माझा हात अडखळला नाही, खोटं कशाला बोलू? बाहेर आल्यावर जितेशचे डोळे भरून आले होते. म्हणाला, "तायडे, तुला काय पायजे ते माग. आज नाही म्हणणार नाही."

मी म्हटलं, "साडी नको, सोनं नको. मला पूल चढणारी सायकल दे. भरवशाची दे, बस्स."

भाऊबीजेला आला तो टेम्पोतून सायकल घेऊनच. माझीच जुनी सायकल, त्याने नेली होती ती. पण पॅडलच्या मधोमध काळी कुळकुळीत मोटर. मी ओवाळलं तेव्हा त्याने ताटात चावी ठेवली. शेजारच्या बायका बघायला आलेल्या. माझा ऊर असा भरून आला होता की प्रत्येकीला मी ती चावी दाखवत होते.

"चाकात बसवतात ती मोटर तुझ्या कामाची नाय," त्याने समजावलं. "लोड आला की तिचा दम जातो. ही मिड ड्राइव्ह. ही चेन ओढते, म्हणजे मागच्या गिअरचा फायदा मिळतो. पूल काय, हाजीमलंगचा डोंगर चढशील. नवी कोरी आहे. फक्त एक कर, माझ्याशिवाय कोणाला उघडायला देऊ नकोस. वॉरंटी जाईल."

पहिल्यांदा गठ्ठे घेऊन न उतरता पूल चढले, तेव्हा वर पोचून थांबले आणि एकटीच खुदुखुदु हसले. एक रिक्षावाला वळून बघत गेला. बघ म्हटलं, बघ बाबा, माझ्या भावाने दिलीये.

ते हसू काही महिने टिकलं. मग एक दिवस ऐन चढावर मोटरमधून कडकड आवाज आला आणि पॅडल मोकळंच फिरायला लागलं. सायकल मागे यायला लागली. गठ्ठ्यासकट मी कठड्याला टेकले म्हणून वाचले. जितेश आला, सायकल दुकानात नेली, परत दिली. "आतला नायलॉनचा गिअर खाल्ला होता. बदललाय. तायडे, तू लोड जास्त टाकतेस."

मी लोड कमी केला. म्हणजे फेऱ्या वाढल्या. पुन्हा गिअर गेला. या वेळी म्हणाला, "तू नुसती मोटरवर बसून राहतेस, पॅडल मारत नाहीस." मी पॅडल मारायला लागले. पुन्हा गेला. मग म्हणाला, "चढावर मागचा गिअर चुकीचा टाकतेस. तुला सांगून काय उपयोग? बाईमाणसाच्या लक्षात नाही राहत." हे दुसऱ्या कोणी म्हटलं असतं ना, त्याची मी चामडी लोळवली असती. जितेशने म्हटलं, तर मी मान खाली घालून पुढचे कित्येक दिवस पुलाच्या आधी गिअर मोजत बसायचे. चूक माझीच, असं मी इतकं मनावर घेतलं की शेजारणीने विचारलं तरी सांगायचे, सायकल छान आहे गं, मलाच चालवता येत नाही.

माझा नवरा महेश कंपनीत फिटर आहे. तो एकदा नुसतं म्हणाला, "माधवी, नवी मोटर इतक्यांदा जात नाही. उघडून बघू का?"

मी त्याच्यावर अशी धावून गेले की विचारू नका. "माझ्या भावाने ओवाळणीत घातलीये ती! तुमच्या बहिणीला तुम्ही काय दिलंत, प्लॅस्टिकचा डबा?" बिचारा उठून आत गेला. मी त्याच्याशी आठवडाभर धड बोलले नाही.

शेठ वाईट माणूस नाही. पण दिवाळीच्या तोंडावर त्यांनी मला बसवून चहा पाजला आणि म्हणाले, "माधवी बहन, तुम्हारा हाथ साफ है, काम में खोट नहीं. पर माल टाइम पे नहीं आता. इस बार लेट हुआ तो मैं किसी और को दूंगा. बुरा मत मानना." मी छातीवर हात ठेवून सांगितलं, नहीं होगा शेठ.

झालं. माल पोचवायचा त्याच दिवशी, पुलाच्या अर्ध्यावर, कडकड आणि खलास. जितेशला फोन लावला. उचलला नाही. पुन्हा लावला. मग मेसेज आला, 'बदलापूरला आहे, दिवाळीनंतर बघतो.' रस्त्यात उभी राहून मी तो मेसेज वाचत होते. मागून हॉर्न वाजत होते. महेश ड्यूटीवर. दिवाळीच्या गर्दीत एक रिक्षा थांबेना, आणि जो थांबला तो गठ्ठे बघून पुढे गेला. मोटरच्या वजनाने सायकल आता गठ्ठ्यांसकट वर ढकलवेना. शेवटी ती वळवली आणि ढकलत घरी निघाले.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी श्रीपादकाका राहतात. कारखान्यात मोठे ऑफिसर होते, रिटायर झाल्यावर पार्किंगमध्ये बसून सायकलींना मोटरी लावायचा नाद लागलाय त्यांना. यूट्यूबवर बघून करतात, कधी जमतं, कधी वायर जळते. मी त्यांच्याकडे आजवर गेले नव्हते, कारण वॉरंटी! त्या दिवशी म्हटलं, खड्ड्यात गेली वॉरंटी.

"काका, उघडा. मला आज संध्याकाळच्या आत कॅम्प चार गाठायचंय."

काकांनी मोटर सोडवली, फ्रेममधून ओढून बाहेर काढली आणि एकदम थबकले. मोटर आणि फ्रेमच्या मध्ये स्टीलची एक पातळ चकती होती, फट भरायला घातलेली. ती त्यांनी पेपरवर ठेवली. तेवढ्यात वृंदाकाकू चहा घेऊन खाली आल्या. चकती बघितली, उचलली, पदराने पुसली.

"अहो, हे माझ्या पोह्याच्या डब्याचं झाकण! म्हणजे झाकण गायब झालं ते तुम्हीच कापलंत?"

मी वाकून बघितलं. भांड्यांवर घालतात तसं टिंबाटिंबांनी नाव कोरलेलं होतं, कापल्यामुळे अर्धं राहिलेलं. 'सौ. वृंदा' एवढं स्पष्ट वाचता येत होतं.

माझ्या भावाच्या नव्या कोऱ्या मोटरीत काकूंच्या डब्याचं झाकण.

काकांनी चष्मा काढला. "माधवी, ही मोटर माझी आहे. मी वापरलीये ही. गिअर सारखे जायचे. शेवटी शिवमंदिराच्या रस्त्याला चढावर बंद पडली आणि मी आपटलो, हाताला प्लास्टर होतं बघ, आठवतंय? गिअर बदलून उपयोग नाही, तो ज्या दांड्यावर फिरतो तो दांडाच वाकलाय. चांगली मिड ड्राइव्ह वर्षानुवर्षं चालते गं, पण हिच्यात कितीही नवे गिअर घाल, ती खाणारच."

"मग जितेशकडे कशी गेली?"

"मीच दिली. भंगारात. तांब्याची तार काढून घे म्हटलं. आणि बजावलं होतं, कोणाच्या सायकलला लावू नकोस, माणूस मरेल. हो काका म्हणाला."

लोड नाही. पॅडल नाही. गिअर नाही. बाईमाणूस नाही. वर्षभर मी स्वतःला कोसत होते आणि तो समोर उभा राहून ऐकत होता. मी त्या पार्किंगमध्ये खालीच बसले. काकूंनी पाठीवरून हात फिरवला. मी रडले नाही. रडले असते तर बरं झालं असतं.

माल दुसऱ्या दिवशी पोचला. शेठ ओरडले नाहीत, उलट मिठाईचा बॉक्स दिला, आणि पुढचे गठ्ठे दुसऱ्या बाईला दिले. ती माझ्यासमोरच ते रिक्षात भरत होती.

आईचा फोन आला. इंदुबाई माझी आई, सायकल पुन्हा बंद पडली आणि तायडी चिडली असेल, एवढं जितेशने तिला आधीच सांगितलेलं असणार. "सायकलीपायी भाऊ तोडणार आहेस काय गं?" मी म्हटलं, "आई, मी अजून कोणाशी एक शब्द बोलले नाही." खरंच नव्हते बोलले. महेशला माझ्या या गप्प बसण्याचीच भीती वाटत होती. दर तासाला विचारायचा, चहा टाकू का?

भाऊबीजेला जितेश आला. नवा शर्ट, हातात साडीची पिशवी. मी पाट मांडला, भोवती रांगोळी काढली. त्याला बसवलं, टोपी दिली, कुंकू लावलं, अक्षता लावल्या. मग ताट घेतलं. आम्ही आधी सुपारी आणि सोन्याची अंगठी तोंडाभोवती फिरवतो, मग निरांजन. मी सुपारी उचलली, आणि अंगठीच्या जागी ती चकती. वृंदाकाकूंनी धुऊन माझ्याकडेच ठेवायला दिली होती. हळूच, एकदा, दोनदा त्याच्या तोंडाभोवती फिरवली.

पहिल्या फेरीला तो हसतच होता. दुसऱ्या फेरीला त्याने नाव वाचलं.

"तायडे..."

"बोल ना."

"अगं, तेव्हा दुकानाचे वांधे होते. नवी आणायची ऐपत नव्हती. वाटलं, दांडा सरळ केलाय, चालून जाईल."

"मग दुसऱ्या कोणाला का नाही दिलीस? एवढी गिऱ्हाइकं येतात तुझ्याकडे."

तो वैतागलाच, जणू मी अगदी साधी गोष्ट विचारत होते. "गिऱ्हाइकाला कशी देणार? गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी दारात येऊन बोंबलतं. तू थोडीच बोंबलणार होतीस?"

आणि बोलून झाल्यावर त्याला कळलं तो काय बोलला ते. महेश दारात उभा होता, त्याने तोंड फिरवलं.

मला तेव्हा राग आला म्हणू का? राग तर होताच. पण त्याच्या खाली दुसरंच काहीतरी होतं, फार वाईट. मी अख्ख्या अंबरनाथला ओरडते आणि त्याच्यापुढे गप्प बसते, ती माझी माया होती. त्याने ती बरोबर हेरून ठेवली होती. शेताच्या कागदावर सही घेताना तीच, मोटर बसवताना तीच. बंद पडली तरी ही ओरडणार नाही, हीच त्याच्या लेखी माझी वॉरंटी.

मी निरांजन ओवाळलं. विझू दिलं नाही. त्याचं वाईट व्हावं असं आजही वाटत नाही, काय करू? त्याने घाईघाईने साडी ताटात ठेवली. मी ती उचलून त्याच्याच मांडीवर ठेवली. मग पान वाढलं. बासुंदी केली होती, त्याला आवडते म्हणून, सकाळपासून आटवत होते. खाली मान घालून जेवला. एरवी तीन वाट्या खातो, त्या दिवशी दुसरी मागितली नाही, आणि मीही आग्रह केला नाही.

जाताना जिन्याखाली सायकलजवळ थांबला. काकांनी मोटर चकतीशिवाय का होईना, पुन्हा लावून दिली होती, निदान ढकलता तरी यावी म्हणून. त्याने खिशातून पाना काढला.

"ही सोडवून नेतो. नवी आणतो, शपथ. आईची शपथ, तायडे."

"हात लावू नकोस."

"अगं, पण..."

"ती माझ्याशिवाय कोणी उघडायची नाही. आणि पुढच्या वर्षी येऊ नकोस जितेश. पाट मांडलेला नसेल."

हे मी एवढ्या मोठ्याने म्हटलं की वरच्या मजल्यावरच्या बायका गॅलरीत आल्या. या वेळी एकही हसली नाही. तो पाना हातात घेऊन उभा राहिला. मी जिना चढून वर आले आणि त्याची वाटी घासायला घेतली.