डावा पाय

अप्पांच्या शर्टाची तिसरी गुंडी काही केल्या काजात जाईना. अप्पा हनुवटी वर करून उभे होते आणि चाळीस वर्षं शिकाऊ ड्रायव्हरांना ज्या सुरात सूचना दिल्या, त्याच सुरात मुलाला सांगत होते, "घाई नको. आधी बघ. मग अंगठा. मग गुंडी."

"बघतोय, अप्पा."

"बघत नाहीस, वाचतोयस. गुंडीवर काही लिहिलेलं नसतं, किडेराव."

किडेराव हे नाव मुलगा शाळेत असतानाच पडलं होतं, पुस्तकातला किडा म्हणून. आता तो त्रेपन्न वर्षांचा होता, वाचनालयात ग्रंथपाल होता, डोक्यावर मोजके केस उरले होते. पण नाव काही गळालं नव्हतं.

मंगळवारी सकाळी अप्पांची गाडी उतारावरून थेट औषधांच्या दुकानाच्या कठड्यावर जाऊन आदळली. वेग फारसा नव्हता, म्हणून जिवावरचं मनगटावर निभावलं. गाडीचं नाक चेपलं, कठड्याच्या दोन विटा निघाल्या आणि अप्पांच्या उजव्या मनगटाच्या हाडाला बारीक चीर गेली. सहा आठवडे प्लास्टर. तेव्हापासून दाढी, गुंड्या, बुटाच्या नाड्या, सगळं मुलाकडे आलं. मुलाला मनातून हे आवडत होतं, आणि आवडतंय याची लाजही वाटत होती. अप्पांच्या इतक्या जवळ आपण शेवटचे कधी उभे होतो, ते त्याला आठवत नव्हतं.

अपघाताबद्दल अप्पांचं एकच वाक्य होतं: "ब्रेक लागलाच नाही." डॉक्टरला तेच सांगितलं, औषधवाल्याला तेच, आणि समाचाराला आलेल्या प्रत्येकालाही तेच. आणि येणारे काय थोडे होते? अर्धं गाव अप्पांच्या हाताखाली गाडी शिकलेलं. त्यांच्या ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीला चाळीस वर्षांत साधा ओरखडा नव्हता. सरांचं चुकलं असेल, हे कुणाच्या मनातही आलं नाही.

गुरुवारी दुपारी गॅरेजवाला वाचनालयात आला. पायपुसण्यावर बूट तीनदा घासून तो वर्तमानपत्रांच्या टेबलाशी अंग चोरून उभा राहिला. तोही अप्पांचाच चेला. आठच दिवसांपूर्वी अप्पांच्या गाडीचे ब्रेक त्यानेच तपासून दिले होते.

"दादा, इथं बोललेलं चालतं का?"

"हळू चालतं."

तो इतकं हळू बोलू लागला की ग्रंथपालाला कान पुढे करावा लागला. चेपलेली गाडी त्याच्याकडेच होती. ब्रेक त्याने पुन्हा तपासले होते, एकदा नाही, चारदा. चालवूनही बघितली होती. कुठेच काही दोष नव्हता. पण कालपासून दोन गिऱ्हाइकं काम अर्धवट टाकून आपल्या गाड्या घेऊन गेली होती, आणि तिसऱ्याने फोनवर विचारलं होतं, सरांचे ब्रेक तूच केले होतेस ना?

"मग अप्पांना सांग ना तसं."

"सरांना? मी?" गॅरेजवाला दचकलाच. "सर म्हणतात लागला नाही, म्हणजे लागला नसणार. माझंच काहीतरी राहून गेलं असेल. मला एवढंच विचारायचं होतं दादा, सर फार रागावलेत का माझ्यावर?"

"नाही रे," ग्रंथपाल म्हणाला आणि सरळच असलेलं एक मासिक त्याने उगाच सरळ केलं. गॅरेजवाला गेल्यावर त्याने एका जुन्या कार्डाच्या पाठीवर अप्पांना काय म्हणायचं ते लिहून काढलं. पहिला मसुदा फार कडक झाला, दुसरा फार गुळमुळीत, आणि तिसरा वाचून त्याचं त्यालाच कळेना की म्हणायचं काय आहे.

घरी येऊन बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "मी बोलले तर लगेच कबूल करतील. पण सुनेसमोर कबूल केलं म्हणून महिनाभर घशाखाली घास उतरणार नाही त्यांच्या. तुम्हीच बोला."

संध्याकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलावर विम्याचा फॉर्म पसरला होता. अप्पांनी सांगायचं, मुलाने लिहायचं. नाव, वय, गाडीचा नंबर झरझर झालं. मग 'अपघात कसा घडला' हा रकाना आला.

"लिही," अप्पा म्हणाले. "उतारावर असताना ब्रेक..."

मुलाचा हात थांबला. कार्ड खिशात होतं. पण बापासमोर बसून खिशातला कागद वाचून दाखवायचा म्हणजे वक्तृत्व स्पर्धाच झाली असती.

"काय रे? पेन बंद पडलं?"

"पेन चालू आहे, अप्पा." तो खाली बघतच म्हणाला. "ब्रेकही चालू होते. त्याने चारदा तपासले."

ओट्यापाशी सूनबाईने नळ बंद केला आणि काहीतरी आठवल्यासारखं करून ती बाहेर गेली.

"तक्रार घेऊन आला होता तुझ्याकडे?"

"नाही. तुम्ही रागावलात का, विचारायला. तो म्हणतो, सर म्हणतात म्हणजे माझंच चुकलं."

अप्पांनी डावा हात टेबलावर ठेवला, उचलला, परत ठेवला.

"गाढव आहे," ते म्हणाले. "पहिल्या दिवसापासून गाढव. हॉर्न दुसऱ्यासाठी वाजला तरी हाच गाडी बाजूला घ्यायचा." मग डाव्या हाताने त्यांनी फॉर्म स्वतःकडे ओढला. "पुढे एक शिकाऊ गाडी होती."

मुलाने पेन खाली ठेवलं.

"आत कोणी पोरगी होती. शेजारचा मास्तर मोबाइलमध्ये तोंड घालून बसलेला. तेवढ्यात गल्लीतून हातगाडी बाहेर आली, आणि मला दिसलं की हिला ती दिसलेली नाही. म्हणून मी ब्रेक दाबला."

"मग?"

"डाव्या पायाने."

मुलाला उलगडा व्हायला क्षणभर लागला. ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत मास्तरच्या बाजूला एकच जादा पेडल असायचं, ब्रेकचं. चाळीस वर्षं अप्पांनी ते डाव्या पायाने दाबून किती जणांना वाचवलं, त्याला गणती नव्हती. पण चालवणाऱ्याच्या डाव्या पायाखाली क्लच असतो, आणि क्लच दाबला की उतारावर गाडी मोकाट सुटते, एवढं त्यालाही माहीत होतं.

"तिची गाडी थांबेना, म्हणून अजून जोरात दाबला," अप्पा म्हणाले. "मी तिची गाडी थांबवत होतो रे. आपल्या बुडाखालीही एक गाडी आहे, हे डोक्यातच नाही. आठवलं तेव्हा तिला चुकवायला कठड्यावर घातली."

"आणि ती मुलगी?"

"तिने थांबवली. स्वतःच. हातगाडीच्या वीतभर अलीकडे. छान थांबवली." अप्पांच्या चेहऱ्यावर कौतुक आलं आणि लगेच मावळलं. "हे लिहिलंस की संपलं. म्हणतील, सरांना आता आपली गाडी कुठली तेही कळत नाही. किल्ली काढून घेतील. तूच घेशील."



"घेईन, अप्पा," मुलगा म्हणाला. "पण तुम्ही द्यायच्या आधी नाही घेणार."

अप्पांनी त्याच्याकडे टक लावून बघितलं. मग खुर्ची पुढे ओढली.

"लिही. चालकाने चुकीचा पाय वापरला. ब्रेक उत्तम होते. उत्तमखाली रेघ मार."

"फॉर्मवर रेघा मारत नाहीत, अप्पा."

"मार म्हणतो ना! आणि उद्या सकाळी मला गॅरेजवर ने. हा कागद काय त्याची गिऱ्हाइकं वाचणार आहेत?"

सकाळी गॅरेजच्या दारातच, येणाऱ्या-जाणाऱ्याला ओलांडून जावं लागेल अशा जागी, अप्पांनी स्टूल मांडायला लावलं. गॅरेजवाला तेलकट हात पाठीमागे लपवून उभा राहिला.

"ब्रेक लागत होता. मी दाबला नाही," अप्पा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले.

"असू दे हो सर..."

"असू दे काय? आणि तू रे, तपासलेलं काम आपलं असताना मान खाली घालतोस? हे शिकवलं मी?"

पहिल्या गिऱ्हाइकाला सांगताना अप्पा आपल्या प्लास्टरकडेच बघत होते. दुसऱ्याला सांगताना ते नुसतेच घाईत बोलले. तिसऱ्याला मात्र त्यांनी समोर उभं करून विचारलं, "आता सांग, मी कुठला पाय वापरला असेल?" त्याचं उत्तर चुकलं, तेव्हा अप्पा अपघातानंतर पहिल्यांदा खदखदून हसले. आपली गाडी घेऊन गेलेल्या दोघांपैकी एक जण कोपऱ्यावरून हे बघून गेला आणि अर्ध्या तासाने गाडीसकट परत आला.

"सर, तुमची गाडी सोमवारी तयार होईल," गॅरेजवाला भीत भीत म्हणाला. "किल्ली कुणाकडे देऊ?"

अप्पांनी गाडीच्या चेपलेल्या नाकाकडे बघितलं. हातातलं काम सोडून सगळे थांबले होते.

"सूनबाईकडे," ते म्हणाले. "तिला मीच शिकवलंय. वळणावर जरा घाई करते, पण ते मी शेजारी बसून बघून घेईन."

मुलाने त्यांना उठायला हात दिला. तेवढ्यात एक म्हातारे गृहस्थ स्कूटर ढकलत आत आले.

"थांब जरा," अप्पा परत बसत म्हणाले. "यांना सांगायचं राहिलंय."

वाचनालय उघडायची वेळ केव्हाच टळून गेली होती. किडेराव एका जुन्या टायरवर बसला आणि पाचव्यांदा ऐकू लागला.