तळव्यावर दोन बोटं

सातव्या शंभर मीटरच्या शेवटच्या लांबीला तिच्या डाव्या तळव्यावर दोनदा टकटक झाली. तिने भिंतीला हात टेकला, अंग चोरून लेनच्या उजव्या कोपऱ्यात सरकली आणि मागच्याला जायला वाट करून दिली.

मागून कोणी आलं नाही. तळाच्या काळ्या पट्टीवरचं पाणी थोडं हललं आणि निवळलं. सहा लेनच्या त्या तलावात पहाटे पावणेसहाला ती एकटीच होती. काचांवर आतून वाफ धरली होती, बाहेर अजून अंधार होता आणि रात्रीच्या थंडीने दाराच्या खाली पांढरी रेघ उमटवली होती. काठावर प्रशिक्षक उभे होते. आतल्या उकाड्यातही कानटोपी न काढणारे, गळ्यात दोन स्टॉपवॉच बाळगणारे.

“का थांबलीस?”

“पाय आखडला, सर.”

“या आठवड्यात चौथ्यांदा. आणि दर वेळी सातव्या नाहीतर आठव्या शंभरला. मोठा वक्तशीर पाय आहे तुझा.”

ती हसली नाही. तिने चष्म्यात गेलेलं पाणी झटकलं आणि मागे वळून पाहिलं. प्रशिक्षकांनी तिचं ते वळून पाहणंही पाहिलं. हातातल्या फळीवर काहीतरी टिपलं.

“उरलेले तेरा कर. आखडला तर आखडलेल्या पायाने ये.”

एका लेनमध्ये दोघं-तिघं पोहत असली की मागून येणारा वेगवान माणूस पुढच्याच्या तळव्याला दोन बोटं लावतो. पाण्यात बोलायची सोय नसते. त्या दोन टकटकींचा अर्थ ‘मला पुढे जाऊ दे’ एवढाच. पुढचा भिंतीशी कोपऱ्यात थांबतो, मागचा निघून जातो, कुणी त्यात मानापमान मानत नाही. सात वर्षं या लेनमध्ये तिच्या, म्हणजे थोरलीच्या, मागे तिची धाकटी बहीण असायची. दोघींचा पेशा एकच: पोहणं, सायकल, धावणं, एकापाठोपाठ एक, वर्षातून दहा-बारा शर्यती. धाकटी सकाळी पाण्यात उतरताना झोपेतच असायची. सहा शंभर ती थोरलीने कापलेल्या पाण्यात आयती वाहत यायची आणि अंग तापलं की सातव्याला नाहीतर आठव्याला बोटं लावायची. मग बाजूने जाताना तोंडावर पाणी उडवून वर, “हल म्हातारे!”

म्हातारी तिच्याहून तीन वर्षांनी मोठी होती.

गेल्या हंगामाची शेवटची शर्यत एका तलावात होती. पाणी दीड किलोमीटर, स्पर्धक बावन्न, तापमान सतरा अंश. वळणाची खूण म्हणून तरंगत ठेवलेल्या दुसऱ्या बोयानंतर साधारण शंभर मीटरवर धाकटी बुडाली. बचावाच्या होडीला ती सापडली तेव्हा तिची मोठी बहीण चौथ्या क्रमांकाने पाण्याबाहेर पडून सायकलवर बसलेली होती. तिने चाळीस किलोमीटर सायकल मारली, दहा किलोमीटर धावली आणि तिसरी आली. शेवटच्या फितीपाशी कोणीच टाळ्या का वाजवत नाही हे तिला कळेना. मग तिला प्रशिक्षक दिसले. त्यांच्या हातात टॉवेल होता आणि तो ते पुढे करत नव्हते.

हृदयाची लय बिघडली, असं डॉक्टरांनी लिहिलं. दोष कुणाचाच नाही, असं चौकशीच्या कागदावर आलं. थोरलीने चौकशीवाल्यांना जे सांगितलं तेच घरी सांगितलं: दुसऱ्या बोयापर्यंत ती माझ्या डावीकडे होती, मग वळणावर गर्दी झाली, मग ती मला दिसली नाही, मला वाटलं पुढे गेली.

न सांगितलेली गोष्ट लहान होती. वळणानंतर तिच्या तळव्यावर दोन बोटं लागली होती. शर्यतीत असं कोणी करत नाही. शर्यतीत लोक अंगावरून जातात, कोपर मारतात, पाय ओढतात. बोटं लावून परवानगी मागणारी एकच होती. थोरलीच्या मनात आलं, आज नाही. आज बाजूने जा. तिने वेग वाढवला. मग मागून एका हाताने तिचा डावा घोटा धरला. तिने उजव्या पायाने लाथ मारली, हात सुटला, आणि ती पुढे गेली.

हंगाम संपला, थंडी आली. पहिल्या शर्यतीला आता सहा आठवडे उरले होते. सायकलवर ती बरी होती. घरातल्या खोलीत खिळवून ठेवलेल्या सायकलीवर तीन-तीन तास ती भिंतीकडे बघत पाय मारायची. पाय बुटात, बूट पेडलमध्ये अडकलेला. तिथे तळव्याला कुणाचा हात पोचत नव्हता. धावतानाही नाही. झोपताना ती मोजे घालायची, तेही दोन जोड. आधी तिला वाटलं, थंडीमुळे.

गुरुवारी प्रशिक्षकांनी तिच्या मागे माणूस घातला. लांब पल्ल्याचा पोहणारा, अबोल, सज्जन गृहस्थ. त्याला आधी सांगून ठेवलं होतं की जमेल तेव्हा बोटं लावून पुढे जा. चौथ्या शंभरला त्याने बोटं लावली. थोरली भिंतीशी थांबली नाही. ती हातांवर जोर देऊन सरळ वर आली, ओलीचिंब काठावर बसली आणि डावा पाय दोन्ही हातांनी पोटाशी धरून राहिली. तो बिचारा पाण्यात उभा राहून माफी मागत होता.

“तुमचं काही चुकलं नाही,” प्रशिक्षक त्याला म्हणाले. तो गेल्यावर ते तिच्या शेजारी बाकाच्या टोकाला बसले. बराच वेळ स्टॉपवॉचची दोरी बोटाला गुंडाळत राहिले.

“उद्या संध्याकाळी शर्यतीची नावं पाठवायची आहेत.”

“माहीत आहे.”

“तुझ्या मागे पन्नासजणी असणार. त्यांना काय पत्र धाडू? आमच्या बाईच्या पायाला हात लावू नका म्हणून?”

“सर.”

“मी थट्टा करतोय, कारण मला दुसरं काही सुचत नाही.” त्यांनी कानटोपी काढली, पुन्हा घातली. “हे वर्ष सोडलंस तर पुढच्या वर्षी कोणी बोलावणार नाही. चौतिसाव्या वर्षी परत येणारे मी पाहिलेत. ते येतात, राहत नाहीत. पण पोहता येत नसताना तुला तलावात ढकलायला मी कसाई नाही. नाव घालू की नको, तूच सांग.”

“उद्या सकाळी सांगते.”

“सकाळी नाही. दुपारपर्यंत सांग. विचार करून सांग.”

ती लगेच घरी गेली नाही. उथळ बाजूच्या बाकावर टॉवेल पांघरून बसून राहिली. दहा वाजता नवशिक्यांचा वर्ग सुरू झाला. सात बाया, दोन पुरुष, आणि त्यांत तिची आई.

आईने पाण्यात उतरायला सुरुवात केली त्याला दोन महिने झाले होते. तिने कुणाला सांगितलं नव्हतं. एके दिवशी थोरली केस पुसत बाहेर आली तर समोर आई, एकसष्ट वर्षांची, काळ्या पोहण्याच्या कपड्यात, छातीशी फोमची फळी धरून उभी.

“बघू नकोस अशी,” आई तेव्हा म्हणाली होती. “या टोपीत मी उकडलेल्या अंड्यासारखी दिसते, ते मला ठाऊक आहे.”

“आई, हे काय?”

“दोन्ही पोरी पाण्यात घातल्या आणि स्वतः वीस वर्षं काठावर बसून स्वेटर विणले. पाणी म्हणजे काय ते मला काहीच माहीत नाही. माहीत असावं असं वाटलं.”

आता आई फळीशिवाय दहा-बारा मीटर येत होती, धापा टाकत, मान नको तितकी वर काढत. वर्ग संपला. बाकीचे लोक एकमेकांची कौतुकं करत कपडे बदलायला गेले. आई मात्र छातीभर पाण्यात कठड्याला धरून उभी राहिली.

“तू आत ये,” तिने हाक मारली. “मला मान खाली वळत नाही. बघ काय चुकतंय.”

थोरली उतरली. कोमट पाणी पोटापर्यंत आलं तशी तिने पाठ भिंतीला लावली. हल्ली ती पाण्यात अशीच उभी राहायची.

आईने मानेचं काही विचारलं नाही.

“ते परत सांग.”

“काय?”

“त्या दिवसाचं.”

“चारदा सांगितलंय, आई.”

“पाचव्यांदा सांग.”

थोरलीने सांगितलं. आई डोळे मिटून ऐकत होती. तिने तीस वर्षं शाळेच्या पुस्तकांची मुद्रितं तपासली होती. एकाने मोठ्याने वाचायचं आणि दुसऱ्याने मूळ प्रतीवर बोट ठेवून पुढे सरकायचं, अशी त्यांची पद्धत. आत्ताही तिचं बोट कठड्याच्या फरशीवरून हळूहळू सरकत होतं. ‘मला वाटलं पुढे गेली’पाशी ते थांबलं.

“पाचही वेळा तेच. एक शब्द इकडचा तिकडे नाही.”

“जे झालं तेच सांगणार ना.”

“लोकांना वाटतं, चुकीचा शब्द सापडणं अवघड. तो डोळ्यात खुपतोच गं. अवघड असते ती गळलेली ओळ. ओळ गळली तरी वाचताना सगळं सुरळीत लागतं.” आईने डोळे उघडले. “तुझं फार सुरळीत लागतंय.”

पलीकडे शिकवणारी बाई फळ्या गोळा करून भिंतीशी रचत होती. एक फळी घसरली, तिने ती पुन्हा ठेवली. थोरली तिच्याकडे बघत होती. मग त्याच दिशेला बघत ती बोलली.

“तिने बोटं लावली होती. दोन. ती आहे हे मला कळलं. मला वाटलं, वाट मागतेय. शर्यत होती, आई. मी नाही दिली.”

“मग?”

“मग घोटा धरला.”

आईचं बोट फरशीवरून उठलं.

“मी लाथ मारली.”

शिकवणारी बाई चपला फटफटवत आतल्या खोलीत गेली. दार लागल्यावर आईने विचारलं, “कोणता पाय धरला होता?”

“डावा. मारला उजव्याने.”

“दाखव.”

“काय दाखवू?”

“मी धरते. तू मार.”

“आई, काहीतरीच काय बोलतेस.”

“मला दिसत नाहीये ते,” आई म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता; मुद्रितातली शंका विचारताना असायचा तसाच होता. “दोन महिने झाले, रोज या पाण्यात तोंड घालून बघते. तिला काय दिसलं असेल, ते थोडंफार कळतं. तुझं काही कळत नाही. दाखव मला.”

“तू बुडशील.”

“छातीभर पाण्यात? तेवढी फी भरलीय मी.”

थोरली भिंतीपासून दूर झाली. तिने अंग पाण्यावर टाकलं, हात पुढे केले. डाव्या घोट्याभोवती आईची बोटं आली. लहानपणी रस्ता ओलांडताना मनगटावर बसायची ती पकड. थोरलीने उजवा पाय हलवला; तो आईच्या हाताला नुसता घासून गेला.

“अशी मारली नसशील,” मागून आई म्हणाली. “उगाच मला फसवू नकोस.”

तिने तोंड पाण्यात घातलं. तळाच्या फरश्यांचे सांधे दिसत होते. तिने एक हात मारला, दुसरा मारला, घोट्यावरचं वजन मागे ओढत होतं, आणि मग तिच्या पायाने ते केलं, तिला काही ठरवावं लागलं नाही. टाच कशावर तरी बसली. पाय मोकळा झाला.

ती वळली तेव्हा पांढरी टोपी पाण्याखाली होती. तिने झेप घेतली, पण त्याआधीच आई वर आली, खोकत, नाकातोंडातलं पाणी काढत, एका हाताने कठडा शोधत. उजव्या हाताच्या बोटांच्या सांध्यांवर लाल वळ उठला होता.

“लागलं? आई, बघू. लागलं का तुला?”

आईने तिला हाताने थांबवलं. श्वास परत येईपर्यंत ती आपल्या तळहाताकडे बघत राहिली. मूठ मिटली, उघडली, पुन्हा मिटली.

“मी घट्ट धरलं होतं,” ती म्हणाली. “अगदी जीव खाऊन धरलं होतं.”

थोरलीच्या दातांवर दात आपटत होते. पाणी थंड नव्हतं.

आईने टोपी कानांवरून खाली ओढली. चष्मा डोळ्यांवर नीट बसवला, एकदा, दोनदा, जशी शिकवणारी बाई सांगायची तशी. मग ती थोरलीच्या मागे जाऊन उभी राहिली.

“पुन्हा,” ती म्हणाली. “आणि या वेळी मागे वळू नकोस. माझा हात सुटला तरी त्या पलीकडच्या भिंतीपर्यंत जा.”

थोरली पालथी झाली. समोर पंचवीस मीटर पाणी होतं. घोट्यावर बोटं बसली, आणि तिने पहिला हात टाकला.