चार मेडिकल फिरलेली चिठ्ठी

मित्रांनो, मी एक जुनी औषधाची चिठ्ठी आहे. घड्या घालून घालून माझे चार तुकडे व्हायची वेळ आली आहे आणि एका कोपऱ्यावर चहाचा डाग आहे. तशी मी वयानं फार मोठी नाही. जे पाहिलं, त्या धक्क्यानंच मी म्हातारी झाले.

माझा जन्म छापखान्यात झाला. माझ्यासारख्या शंभर बहिणी एका गठ्ठ्यात चिकटवून डॉक्टरांच्या टेबलावर ठेवल्या होत्या. एका सकाळी माझी पाळी आली. डॉक्टरांनी माझ्या डोक्यावर एका काकूंचं नाव लिहिलं आणि खाली रक्तदाबाच्या गोळीचं. काकूंचं नाव नीट वाचता येत होतं, गोळीचं नाव म्हणजे नुसते कोंबडीचे पाय. रोज सकाळी एक, न चुकता, असं तोंडी सांगून त्यांनी मला फाडलं आणि शेजारी बसलेल्या काकूंच्या यजमानांच्या हातात दिलं.

हे यजमान शिंपीकाम करत. सगळी गल्ली त्यांना मास्तर म्हणे. ते मला खिशात जपत आणि महिन्याच्या महिन्याला दवाखान्याच्या दारातल्या मेडिकलमध्ये नेत. गोळ्या महाग होत्या, पण मास्तर कुरकुरत नसत. औषधाला घासाघीस करू नये, असं त्यांचं मत होतं.

एकदा महिना सरला तरी अर्ध्या गोळ्या तशाच उरलेल्या त्यांना दिसल्या. त्यांनी काकूंना विचारलं. काकू भाजी निवडता निवडता अगदी सहज म्हणाल्या, "मी एक दिवसाआड घेते. लवकर संपल्या की लवकर आणाव्या लागतात ना."

मास्तरांनी उरलेल्या गोळ्या पुन्हा एकदा मोजल्या. मला पहिला धक्का बसला. जिच्यासाठी मला लिहिलं, तीच पैसे वाचावेत म्हणून औषध चोरून टाळत होती.

दुसऱ्या दिवशी मास्तर मला घेऊन निघाले. अस्तराचा तुकडा हातात धरून चार दुकानं हिंडायची आणि पहिल्या दुकानात कधीच घ्यायचं नाही, ही त्यांची धंद्यातली रीत. तीच त्यांनी मला लावली. दुसऱ्या मेडिकलमध्ये भाव थोडा उतरला. तिसऱ्यात आणखी उतरला. चौथं मेडिकल बाजाराच्या मागच्या बोळात होतं. तिथल्या ताईंनी मला उजेडाकडे धरलं, वाचलं आणि भाव सांगितला. तो पहिल्याच्या पाव हिश्शाइतका होता. मी हबकले. एकाच पायी फेरीत एवढा फरक?

मास्तरांना संशय आला. स्वस्तातलं अस्तर पहिल्या धुण्यात आटतं, असं ते बोलूनही गेले. ताई हसल्या. कंपनी वेगळी असली तरी आतलं औषध तेच आणि तेवढंच आहे, असं त्यांनी समजावलं आणि डॉक्टरांना फोन करून विचारूनही घेतलं. गोळी देताना त्या म्हणाल्या की जुनी बंद करायची आणि तिच्या जागी ही घ्यायची. मास्तरांनी मान डोलावली. पण स्वारी पैसे वाचल्याच्या आनंदात होती, ऐकलं कुठे?

घरी आल्यावर मोठीच चूक झाली. मास्तर काकूंच्या गोळ्या, रक्तदाबाची आणि ताकदीची, पाकिटातून सोडवून बटणांच्या जुन्या डब्यात ठेवत. बटणांसारख्याच, रंगाप्रमाणे, वेगवेगळ्या खणांत. जुनी गोळी गुलाबी होती, नवी पांढरी. शिंप्याच्या हिशेबी गुलाबी आणि पांढरं बटण एका खणात जात नाही. पांढऱ्या गोळ्यांना नवा खण मिळाला. आणि काकूंचा नियम ठरलेला होता, प्रत्येक खणातली रोज एक. आता चोरून टाळणार नाही, असं त्यांनी मास्तरांना कबूलही केलं होतं.

चौथ्या दिवशी काकू भांडी घासता घासता कोसळल्या.

घरातल्या सुनेनं त्यांना रिक्षात घातलं, डबा आणि मला बरोबर घेतलं. डॉक्टरांनी गुलाबी आणि पांढरी अशी एकेक गोळी तळहातावर घेतली, गोळ्यांवरचे खुणेचे आकडे पाहिले, माझ्याकडे पाहिलं. मग हळू आवाजात म्हणाले, "अहो, या दोन्ही गोळ्या म्हणजे एकच औषध आहे. रोज दुप्पट जात होतं." मागोमाग धावत आलेल्या मास्तरांनी डबा उचलून ते दोन खण पुन्हा पाहिले. मला तर वाटलं, आपण कागद न होता धूळ झालो असतो तर बरं.

काकू वाचल्या. दुसऱ्या दिवशी त्या खाटेवर उठून बसल्या, तेव्हा मास्तरांनी मला खिशातून काढलं. यापुढे दारातल्याच मेडिकलमधून आणीन, मेली ती स्वस्ताई, असं म्हणत ते मला फाडायला निघाले.

"फाडू नका तिला," काकू म्हणाल्या. "स्वस्त होतं म्हणून नाही पडले मी. गोळी माझ्या पोटात जाते. ती कसली, कुठली, बदलली का, हे मला आजवर कुणी सांगितलंय का?"

कुणीच सांगितलं नव्हतं. मास्तरांनी नाही, सुनेनं नाही. मित्रांनो, सगळ्यांत मोठा धक्का मला तेव्हा बसला. माझ्या डोक्यावर नाव काकूंचं होतं, आणि इतक्या महिन्यांत मला एकदाही त्यांच्यासमोर उघडलं नव्हतं. मी चार दुकानदारांना ठाऊक होते, पण काकूंना नव्हते.

पुढच्या महिन्यात बोळातल्या मेडिकलमध्ये काकू स्वतः गेल्या. मास्तर मागे पिशवी धरून उभे होते. काकूंनी ताईंना माझ्यावरचं औषधाचं नाव वाचायला लावलं आणि मागोमाग म्हणून पाहिलं. तीनदा चुकलं. मागे रांग लागली, तरी त्या हटल्या नाहीत. चौथ्यांदा बरोबर आलं. मग मास्तरांनीही ते एकदा म्हणून पाहिलं.

म्हणून सांगते, औषध घेताना चार दुकानं जरूर फिरा, भाव विचारायला लाजू नका. पण मित्रांनो, तुम्हाला वाचता येतं. तुमच्या आजीच्या, आजोबांच्या नावाची एखादी चिठ्ठी आज घरात कुठेतरी घडी घालून पडली असेल. ती उघडा, त्यांच्याशेजारी बसा आणि त्यांना वाचून दाखवा. अक्षर लागलं नाही, तर औषधवाल्याला विचारून या, पण वाचून दाखवा.