क्लेमचा कोळसा

ऑगस्ट महिन्यात आमच्या ॲशपोर्टात जो माणूस स्टोकर्सबद्दल चांगलं बोलतो, तो एकतर गावात नवा असतो, नाहीतर प्यालेला. जुनी माणसं शहाणी. ती मान हलवतात, पच्‌कन थुंकतात आणि म्हणतात, "बघू." स्टोकर्स म्हणजे आमचा फुटबॉलचा संघ, तो हातानं चेंडू फेकायचा अमेरिकन फुटबॉल. भट्टीत कोळसा लोटणाऱ्या कामगारांचं नाव मिरवणारा, आणि आजवर आमच्याच काळजात निखारे लोटत आलेला. जानेवारीतल्या बाद फेरीत हे लोक शेवटचे कधी पोचले होते म्हणून विचारू नका. ज्यांना आठवतं, त्यांतले निम्मे सेंट सिरिलच्या कबरस्तानात झोपलेत.

या शहाण्यांचा मुकुटमणी म्हणजे क्लेम हुडाक. सत्तरी ओलांडलेला, पोलादाच्या कारखान्यात क्रेन चालवत उमेद घालवलेला, बायको गेल्यापासून एकटा राहणारा. त्याच्या तोंडून संघाबद्दल एक बरा शब्द ऐकलेला माणूस मला आणून दाखवा. बचावफळी कशी आहे? "चाळण." नवा प्रशिक्षक कसा वाटतो? "जुन्या शवपेटीला नवा रंग." लोक त्याला तोंडावर 'मर्तिक' म्हणत, पण त्याचं म्हणणं कान टवकारून ऐकत. स्टोकर्स हरत, आणि क्लेम खरा ठरे. मग लोक म्हणत, बाबा रे, हा एकच माणूस आहे जो आपल्याला लोणी लावत नाही.

आता त्यामागचं गुपित सांगतो, जे क्लेमनं बायकोलाही सांगितलं नव्हतं. तरुणपणी एकदा, एका ऑगस्टात, तो छाती फुगवून म्हणाला होता, "यंदा आपलेच! लिहून घ्या!" पहिल्याच सामन्यात स्टोकर्सच्या क्वार्टरबॅकचा, म्हणजे ज्याच्या हातावर सगळा खेळ चालतो त्या चेंडू फेकणाऱ्याचा, पाय गुडघ्यातून उलटा झाला. पानं गळायच्या आत कारखान्याच्या फाटकाला साखळी पडली. कावळा बसायला अन् फांदी तुटायला एकच गाठ. पण हे क्लेमला कोण समजावणार? त्यानं मनाशी पक्कं केलं, की आपली जीभ काळी आहे. आपण चांगलं बोललो की त्या गोष्टीचं वाटोळं होतं. तेव्हापासून मनात जितकी आशा जास्त, तितकं तो तोंडानं वाईट बोलायचा. लहान लेकराला दृष्ट लागू नये म्हणून गालाला काळं फासावं, तसं तो आपल्या संघाला काळं फासत आला होता. त्यात त्याची माया होती हो, पण ती कुणाला दिसणार?

यंदा मात्र क्लेमची पंचाईत झाली. जुलैअखेर तो सराव बघायला गेला होता. तिथल्या उतारावर म्हातारी मंडळी घडीच्या खुर्च्या टाकून बसतात आणि दिसेल त्या पोराला शिव्या देतात. नवीन क्वार्टरबॅक आला होता, प्रुइट नावाचा. सरोवरावरून आडवा वारा सुटला होता, टोप्या उडत होत्या, आणि त्या पोरानं चेंडू फेकला. वाऱ्याला जुमानलाच नाही तो. मैदान कापत गेला आणि पळणाऱ्या गड्याच्या हातात अलगद बसला. पुन्हा फेकला. पुन्हा तसाच. उतारावरच्या शिव्या बंद पडल्या. क्लेमच्या शेजारचा म्हातारा "देवा रे" एवढंच म्हणाला. क्लेम गुपचूप गाडीत येऊन बसला. घरी जाताना त्यानं रेडिओसुद्धा लावला नाही, न जाणो कुणीतरी त्या पोराचं मोठ्यानं कौतुक करायचं. त्यानं ठरवून टाकलं, की यंदा जन्मात बोललो नाही इतकं वाईट बोलायचं.

हे बोलायची जागा ठरलेली होती. हंगामापूर्वीचा पहिला सरावाचा सामना (त्यात बडे गडी बाकावरच बसवतात) ज्या शनिवारी असे, त्या दुपारी सगळे क्लेमच्या धाकट्या भावाच्या, नॉर्बच्या, गॅरेजात जमत. पिंप अर्धं कापून केलेली शेगडी बाहेर मांडलेली असे. प्रत्येकानं हातात एक कोळसा घ्यायचा, यंदा संघाचं काय होणार ते सांगायचं आणि कोळसा आगीत टाकायचा. तो पेटला की शब्द पक्का. मग जानेवारीपर्यंत बदलायचा नाही, काय वाट्टेल ते होवो. ही रीत त्यांच्या बापानं घातलेली. चर्चमधला कबुलीजबाब चुकवणारी माणसं कोळसा चुकवत नसत.

त्या शनिवारी क्लेम पोचला तेव्हा नॉर्बची बायको लॉरेटा स्वयंपाकघरात पिरोहीत, म्हणजे उकडायच्या करंज्यांत, बटाटा भरत होती. क्लेमला बघून तिनं पिठाचे हात पदराला पुसावेत तसे ॲप्रनला पुसले आणि दार लोटून घेतलं.

"नॉर्बला सोमवारी डॉक्टरला उत्तर द्यायचंय," ती म्हणाली. "नवीन औषध. फार कडक आहे म्हणतात, पण घेतलं तर वसंतापर्यंत तग धरेल. नाहीतर..." ती थांबली. "रोज विचारते, नॉर्ब, काय ठरलं? तर म्हणतो, कोळसा होऊन जाऊ दे, मग सांगतो. वेडा आहे का हा?"

"आधीपासूनच," क्लेम म्हणाला. दोघंही हसले नाहीत.

नॉर्ब गॅरेजच्या तोंडाशी बसला होता. यकृताच्या कर्करोगानं त्याचा पार खुळखुळा केला होता. ऑगस्टच्या उन्हात अंगावर घोंगडी, डोक्यावर स्टोकर्सची पिवळी टोपी, आणि ती टोपी आता कानांवर टेकलेली. दाराला टेकून व्हिन्स टोथ उभा होता. व्हिन्स म्हणजे दोघांचा कारखान्यातला जुना सोबती, आणि आशावादी. अशी एक जमात आमच्याकडेही आहे, काय करणार.

"बारा!" व्हिन्सनं कोळसा टाकला. "बारा सामने जिंकणार, आणि बाद फेरीत आपण!"

"हा दरवर्षी बाराच म्हणतो," नॉर्ब म्हणाला. "लेका, बारशाच्या दिवशी सुद्धा बाराच म्हणाला असशील."

"आणि तू बरा होणार, नॉर्ब! रंग बघ, कसा सुधारलाय!"

"हळदीसारखा पिवळा पडलोय, मूर्खा. स्टोकर्सचाच रंग झालाय." सगळे हसले. मग नॉर्बनं मान वळवली. "आता तू, क्लेम."

क्लेमनं कोळसा उचलला.

"थांब, आधी ऐक," नॉर्ब म्हणाला. त्याचा आवाज खाली आला होता. "हल्ली सगळे माझ्याशी गोड बोलतात रे. डॉक्टर गोड बोलतो, फादर गोड बोलतात, बायको तर अशी गोड झालीय की मला भीतीच वाटते. खरं बोलणारा तूच एकटा आहेस. तू सराव बघून आलायस. मला खरं सांग. यंदा जानेवारीपर्यंत थांबून बघण्यासारखं काही आहे का?"

क्लेमच्या डोळ्यांपुढे तो चेंडू वारा कापत गेला. आहे रे! त्याला ओरडावंसं वाटलं. आहे, नॉर्ब, जन्मभर ज्याची वाट पाहिली ते यंदा आहे! शब्द अगदी दातांपर्यंत आले होते. आणि तिथेच त्याला तो उलटा झालेला पाय आठवला, फाटकाची साखळी आठवली. नॉर्ब काय विचारतोय हे त्याला कळत नव्हतं असं नाही. कळत होतं म्हणूनच तर घाबरला. आपण आत्ता चांगलं बोललो, तर संघ राहिला बाजूला, आपला भाऊ जाईल. धाकट्या भावाच्या नावानं तो या काळ्या जिभेनं चांगलं कसं बोलणार?

"काही नाही," क्लेम म्हणाला. "ऑक्टोबरात सगळं आटपेल. तो नवा पोरगा म्हणजे नुसता पोशाख आहे. टीव्ही विकून टाक, नॉर्ब."

त्यानं कोळसा टाकला. व्हिन्सनं "अरे, अरे" केलं. नॉर्बनं मात्र खुर्चीला डोकं टेकलं आणि हसला.

"बरं झालं," तो म्हणाला. "एक तरी माणूस माझ्याशी खोटं बोलत नाही."

कोळसा कडेकडेनं लाल होत गेला. क्लेमला वाटलं, चला, आज आपण भावाला वाचवलं. त्या दिवशी तो दोन ताटल्या पिरोही खाऊन घरी गेला आणि छान झोपला.

सोमवारी दुपारी लॉरेटाची गाडी त्याच्या दारात कचकन थांबली.

"काय सांगितलंस त्याला?" ती उंबऱ्यातूनच ओरडली. "काय सांगितलंस, क्लेम? डॉक्टरला नाही म्हणून आला तो! मी विचारलं का, तर म्हणतो, 'क्लेमनं सांगितलं. बघण्यासारखं काही नाही. मग उलट्या काढत जानेवारीपर्यंत कशासाठी ताणायचं?' अरे, तुझ्या जिभेला काही हाड? मरणाऱ्या माणसाला एक बरा शब्द देता येत नव्हता तुला?"

"लॉरेटा, मी... मला खरं तर..."

"तुझं खरं घाल चुलीत!" ती म्हणाली आणि पायरीवर बसून रडायला लागली.

क्लेम तसाच, घरातल्या सपाता घालून, नॉर्बकडे गेला. नॉर्ब मागच्या अंगणात डोळे मिटून पडला होता. चेहरा शांत होता. ठरवून मोकळ्या झालेल्या माणसाचा असतो तसा. क्लेम त्याच्यापुढे गवतात गुडघ्यांवर बसला आणि आयुष्यात पहिल्यांदा सगळं बोलून गेला. तो पाय, ती साखळी, काळी जीभ, दरवर्षीचं सोंग. आणि प्रुइट.

"मी डोळ्यांनी बघितलंय, नॉर्ब. असा हात मी जन्मात पाहिला नाही. हे जानेवारीत खेळणार. कदाचित शेवटपर्यंत जाणार. घे ते औषध. आत्ता फोन कर. तुझ्या पाया पडतो."

नॉर्ब कोपरावर टेकून जरा उठला.

"कोळसा पेटला होता, क्लेम."

"मसणात गेला तो कोळसा!"

"इतकं जवळ आलंय का माझं?" नॉर्बनं विचारलं.

"काय?"

"तू ऑगस्टात स्टोकर्सबद्दल चांगलं बोलतोयस. तू. सपाता घालून धावत आलास आणि मला परीकथा सांगतोयस." तो हसला. त्या हसण्यात राग नव्हता, आणि तेच क्लेमला सहन होईना. "लॉरेटानं पाठवलं ना? की डॉक्टरनं तुम्हाला काही वेगळं सांगितलंय? व्हिन्स गोड बोलला तेव्हा मला काही वाटलं नाही. पण तू बोललास म्हणजे संपलंच म्हणायचं."

"आईची शपथ, नॉर्ब!"

"आईला मध्ये आणू नकोस." त्यानं क्लेमचा हात थोपटला. धाकट्यानं थोरल्याचा. "असू दे. चांगला आहेस तू. फक्त तुला खोटं जमत नाही."

क्लेम दुसऱ्या दिवशी गेला, तिसऱ्या दिवशी गेला. प्रुइटचे सरावातले आकडे सांगितले, वर्तमानपत्र दाखवलं, व्हिन्सला साक्षीला नेलं. झालं, आगीत तेलच! व्हिन्सनं 'हो' म्हटल्यावर तर नॉर्बनं विषयच मिटवला. जितकं क्लेम बोलायचा तितका नॉर्ब त्याच्याकडे कीव आल्यासारखा बघायचा. जन्मभर खोटं बोलून कमावलेला विश्वास, खरं बोलायला लागल्यावर मोडला. करणार काय?

सप्टेंबरातल्या रविवारी हंगामाचा पहिला सामना होता. तोवर नॉर्बचा पलंग बैठकीच्या खोलीत टीव्हीसमोर आणला होता, ज्याची पाठ कळ दाबून वर होते तसला. रोज येणारी नर्स ओठ ओले करून गेली होती. क्लेम एका बाजूला, लॉरेटा दुसऱ्या बाजूला. तिनं क्लेमशी बोलणं टाकलं होतं, पण त्याच्यासाठी कॉफी ठेवली होती.

पहिल्याच चालीत प्रुइट मागे सरकला. तीन धिप्पाड गडी त्याच्यावर धावून येत होते. त्यानं एकाला चुकवलं, दुसऱ्याच्या हाताखालून निसटला आणि चेंडू सोडला. तो टीव्हीच्या चौकटीतून वर गेला, कितीतरी वेळ दिसलाच नाही, आणि मग थेट मैदानाच्या टोकाला पळणाऱ्याच्या ओंजळीत उतरला. बाहेर अख्ख्या गल्लीतून आरोळी उठली. कुणीतरी मोटारीचा भोंगा दाबूनच धरला.

नॉर्ब हलला नाही. दुसऱ्यांदा तेच झालं तेव्हा त्याचे डोळे मोठे झाले. मध्यांतरापर्यंत सामना जिंकल्यात जमा होता. तेव्हा त्यानं पडद्यावरची नजर काढली आणि हळूहळू मान क्लेमकडे वळवली.

"तुला माहीत होतं."

"सांगितलं होतं रे मी तुला. अंगणात."

"अंगणात नाही. गॅरेजात. कोळसा हातात होता तेव्हा."

"हो," क्लेम म्हणाला. "माहीत होतं."

नॉर्बनं शिवी दिली नाही. द्यायला हवी होती. क्लेम तिचीच वाट बघत होता. त्याऐवजी नॉर्बनं दुसरीकडे तोंड केलं आणि लहान मुलानं विचारावं तसं विचारलं, "लॉरेटा, त्या डॉक्टरचा नंबर आहे ना गं अजून?"

लॉरेटा उठून उभी राहिली. हातातला कप घेऊन ती स्वयंपाकघराकडे वळली. मग नॉर्ब पुन्हा क्लेमकडे वळला.

"तू सांग. तू खरं सांग."

"नाही रे," क्लेम म्हणाला. "आता उशीर झाला."

नॉर्बनं मान हलवली. या वेळी त्याचा विश्वास बसला. बाहेर भोंगे अजून वाजत होते, आणि पडद्यावर खेळाडू परत मैदानात यायला लागले होते.

"मग आवाज वाढव," तो म्हणाला, आणि क्लेमनं उठून आवाज वाढवला.