कुंडीखालची किल्ली

"कुंडी म्हणजे पृथ्वी आणि किल्ली म्हणजे मृत्यू," भूगोलाच्या मास्तरांनी खडू खाली ठेवला. "आता बोला."

वाचनालयाच्या वरच्या खोलीत दर शनिवारी दुपारी जमणाऱ्या श्रवण मंडळाचे मास्तर अध्यक्ष होते. जुन्या रॉक गाण्यांतले दडलेले अर्थ बाहेर काढायचे, हा मंडळाचा उद्योग. दातांच्या डॉक्टरांच्या मते किल्ली म्हणजे क्रांती. त्यावर गेल्या वर्षी दोघांचं इतकं वाजलं की महिनाभर बोलणं बंद.

टायपिस्ट बाई कोपऱ्यात बसून सगळ्यांचे अर्थ वहीत उतरवून घेत होत्या. चाळीस वर्षं रेकॉर्ड कंपनीत टंकलेखन केलेल्या बाई, त्यांचं अक्षर मोत्यासारखं, म्हणून हे काम आपसूक त्यांच्या गळ्यात पडलेलं. कुंडीखालच्या किल्लीची ती ओळ मुळात त्यांनीच लिहिली होती, हे मंडळात कुणाला ठाऊक नव्हतं.

रेकॉर्डच्या आत गाण्यांचा छापील कागद असे. टेप ऐकून तो टाइप करायचं काम बाईंचं. त्या गाण्यात तिसऱ्या कडव्याची शेवटची ओळ ड्रमच्या दणदणाटात पार बुडाली होती. गायक दौऱ्यावर, छापखान्याचा माणूस दारात उभा. साहेब म्हणाले, टाका काहीतरी, वाचतंय कोण मरायला!

वाचणारी एक होती. बाईंची धाकटी बहीण, ठकी. ते गाणं म्हणणाऱ्या बँडची रेकॉर्ड निघाली की पोटाला चिमटा घेऊन विकत आणायची आणि आधी तो कागद अथपासून इतिपर्यंत वाचायची. त्याच्या वर्षभर आधी ती मनाजोगतं लग्न करून घरातून निघाली, तेव्हा वडील गप्पच राहिले होते. बोलल्या त्या बाई. "पुन्हा या दारात पाय ठेवू नकोस." ठकीने पाय ठेवला नाही, पत्ता कळवला नाही. पुढे वडीलही गेले. जिभेला हाड नसतं म्हणतात, बाईंना ते फार उशिरा पटलं.

तर बाईंनी टाइप केलं, 'किल्ली कुंडीखाली आहे, मनात आलं तर ये.' आणि घरी जाऊन दाराशी असलेल्या कोरफडीच्या कुंडीखाली खरोखरच जास्तीची किल्ली ठेवली.

पण नशीब बघा. गाणं गाजलं ते त्याच ओळीमुळे. कागदावर छापलंय म्हटल्यावर गायकही स्टेजवर तीच म्हणू लागला. पोरंटोरं गावभर लोकांच्या कुंड्या उलथ्या करत सुटली. बाईंच्या गल्लीत तीन फुटल्या. घरात बाई एकट्या. सात महिने पावसापाण्यात पडलेली किल्ली त्यांनी एका सकाळी आत आणली. आठवड्याने परत ठेवू म्हणाल्या आणि ते राहूनच गेलं.

"आज एक नवीन पाहुण्या आल्या आहेत," मास्तर म्हणाले. पस्तिशीची एक मुलगी उठली. आईची रेकॉर्ड घेऊन आली होती. आई दोन वर्षांपूर्वी गेली, म्हणाली. तिने रेकॉर्ड टेबलावर ठेवली. कव्हरच्या कोपऱ्यात हिरव्या शाईत लिहिलं होतं, ठकी. ठ ला तीच लांब शेपटी.

बाईंच्या हातातलं पेन थांबलं.

"आई म्हणायची, मला या ओळीचा अर्थ कळला होता," मुलगी सांगू लागली. "एका घरी जाऊन तिने कुंडी उचलली होती. खाली किल्ली नव्हती. फरशीवर गंजाचा डाग होता, किल्लीच्या आकाराचा. म्हणजे ठेवली होती आणि नंतर काढून घेतली. त्याचाही अर्थ मला कळला, म्हणायची."

"मग तिने दार नाही वाजवलं?" बाईंनी विचारलं. सभेत बाई कधी बोलत नसत. सगळ्यांनी वळून पाहिलं.

"नाही. ज्याने किल्ली काढून घेतली त्याचं दार काय वाजवायचं, म्हणाली."

मास्तर मात्र खूश. रिकामी जागा हाच खरा अर्थ, काय सुंदर, असं म्हणत ते फळ्याकडे वळले. बाईंना त्यांनी सांगितलं, हे शब्दशः उतरवून घ्या.

बाईंनी वही मिटली. आपल्या दारात ठकी आली होती. आपण आत असू, चहा करत असू, आणि ती दारापाशी वाकून तो डाग बघत असेल. भिंतीएवढं अंतर. पस्तीस-चाळीस वर्षं आपण पावलांच्या आवाजाला कान लावून बसलो आणि ती येऊनही गेली.

त्या उठून टेबलापाशी आल्या. मुलीचं कपाळ अगदी ठकीचं होतं.

"चोरांना भिऊन काढली होती गं," त्या म्हणाल्या. "दुसरं काही नव्हतं त्यात. काहीसुद्धा."

"कुणी?"

"तुझ्या मावशीने."

फळ्यावर खडूचा आवाज थांबला. बाईंनी पर्समधून जुडगा काढला. कडी घट्ट बसली होती, मुलीनेच ती ओढून दिली. बाईंनी त्यातली ती कुंडीखालची किल्ली सोडवली आणि रेकॉर्डच्या पांढऱ्या कव्हरवर, हिरव्या नावाशेजारी ठेवली. इतकी वर्षं हाताळून ती लख्ख झाली होती.

मुलीने ती उचलली. खालच्या कव्हरवर कसलाच डाग उमटला नव्हता.